धावत्या डब्यातील दिवा

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर राहणारी एक मुलगी आपल्या आजोबांबरोबर रात्रीच्या गाडीने नाशिकला निघाली होती. डबा जुन्या बांधणीचा होता. कसारा घाटात गाडी एकाएकी थांबली. बाहेर मिट्ट काळोख होता. परंतु डब्यातील दिवे पूर्ववत जळत होते. समोरच्या बाकावर एक माता तापाने फणफणलेल्या बालकाला त्याच उजेडात औषध पाजीत होती.

"आजोबा, आपल्या डब्याला ना इंजिन, ना घरासारखी विजेची तार. मग हे दिवे जळतात कशावर?" मुलीने विचारले.

आजोबा म्हणाले, "बाळ, 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदराहून आपल्या ठाण्याला पहिली आगगाडी आली, तेव्हा तिच्या डब्यांत विजेचे दिवे नव्हते. पुढे तंत्रज्ञांनी एक युक्ती योजिली. इंजिन डब्याला ओढते, तेव्हा चाकांबरोबर त्यांचा आसही फिरतो. आसावरील कप्पीला पट्टा जोडलेला असतो. तो पट्टा डब्याखाली टांगलेले जनित्र फिरवितो. चुंबकाचा प्रभाव सतत बदलत राहिला, की तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते, हे फॅरेडे या शास्त्रज्ञाने 1831 साली दाखवून दिले. जनित्र याच तत्त्वावर चालते."

"पण आता तर चाके स्तब्ध आहेत!"

"म्हणूनच डब्याखाली घटमाला, म्हणजे बॅटरी, ठेवलेली असते. एका घटाचा दाब सुमारे 2 व्होल्ट. असे पन्नासांहून अधिक घट एकापुढे एक जोडले, म्हणजे सुमारे 110 व्होल्ट मिळतात. गाडी वेगात असताना जनित्र दिवे-पंखे चालविते आणि घटमालेतही शक्ती साठविते. गाडी थांबली, की तीच साठवण उपयोगी पडते. तारेतून मर्यादेबाहेर प्रवाह वाहू लागला, तर फ्यूजची बारीक तार स्वतः वितळते आणि आगीचा धोका टळतो. मोटारीमागे ओढावयाच्या फिरत्या घरातही बॅटरी आणि फ्यूज यांचीच योजना असते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत मात्र इंजिन वरच्या तारेतून वीज घेऊन साऱ्या डब्यांना पुरविते."

"म्हणजे आपल्या डब्यातील वीज फुकटच म्हणायची!"

"छे! जनित्र फिरविण्याचा भार शेवटी इंजिनावरच पडतो. श्रमावाचून शक्ती नाही. आणि साठविलेली शक्तीही मोजकीच. गाडी अशीच खोळंबली, तर ती संपत जाणार."

मुलगी क्षणभर विचारात पडली. बाहेर घाटातला गार वारा वाहत होता. तरी रिकाम्या बाकांवरील पंखे गरगरत होते. ती उठली आणि तिने एकेक पंखा बंद केला.

बऱ्याच वेळाने शिटी झाली आणि गाडी हलली. तोवर ते बालक आईच्या मांडीवर शांत झोपले होते. डब्यातील दिवे अजून जळत होते.

स्वाध्याय
1. गाडी उभी असताना डब्यातील दिवे कशामुळे जळतात?
2. 'श्रमावाचून शक्ती नाही' असे आजोबा का म्हणाले?
3. मुलीने पंखे का बंद केले? चार-पाच वाक्यांत लिहा.