सी-१८ वर न थांबणारं क्लोरमेक्वाट

प्रश्न : द्राक्षांच्या अर्कातलं क्लोरमेक्वाट सी-१८ कॉलमवर थांबत नाही, यूव्ही डिटेक्टरलाही दिसत नाही. उपाय काय?

उत्तर : याच वाढनियंत्रकाच्या अवशेषांमुळे २०१० मध्ये भारतीय द्राक्षं युरोपात अडली, नाशिकच्या बागायतदारांना जबर फटका बसला. क्लोरमेक्वाटच्या नायट्रोजनवर कायमचा धनप्रभार असतो. ते पाण्यातच रमतं, तेलकट सी-१८ त्याला धरून ठेवत नाही आणि साखरेच्या गर्दीबरोबर ते सुरुवातीलाच बाहेर पडतं.

इथे पाण्यात रमणाऱ्या रेणूंना धरून ठेवणारा हिलिक कॉलम हवा : ॲसिटोनायट्राइल जास्त, पाणी कमी, सोबत अमोनियम फॉर्मेट. नमुनाही ॲसिटोनायट्राइलचं प्रमाण जास्त ठेवूनच सोडावा. पाण्यात सोडला तर आलेखावरचं शिखर पसरतं, आणि नेमकं हेच अनेकदा विसरलं जातं.

यूव्ही शोषणारा गटच रेणूत नाही, म्हणून टँडम मास स्पेक्ट्रोमीटर. १२२ वस्तुमानाचा आयन फोडून ५८ चा तुकडा मोजायचा. ड्युटेरियमयुक्त क्लोरमेक्वाट अंतर्गत मानक म्हणून घातलं, की अर्कातल्या इतर घटकांनी दाबलेल्या संकेताची तूटही भरून निघते.