पगार हातात पडण्याआधी

पोरी, नोकरीत स्थिरावलीस, आता शैक्षणिक कर्जाचं बोलू. सातपूरच्या एका कारखान्यात मी हयातभर पगारपत्रकं केली. फेब्रुवारीत व्यवसायकर २०० ऐवजी ३०० कापला गेला, की माणसं खिडकीशी विचारायला यायची. पण फंड आणि सोसायटीची वर्गणी वर्षानुवर्षं कापली जायची, तिची कुणाला आठवणही नसायची. संसार उरलेल्या पगारात बसायचा. ‘खर्च भागवून उरलं की भरू’ म्हणणाऱ्यांचं मात्र कधी उरलंच नाही.

तू हप्त्यावरची जादा रक्कम आधीच कापली जाईल असं कर. आपल्याकडे पगारातून थेट कपात होते ती पगारदारांच्या पतसंस्थेची. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याचं कलम ४९ त्यासाठीच आहे. सभासदाने लिहून दिलं, की मालकाने कापून संस्थेकडे भरायचं. बँकेच्या कर्जासाठी अशी सोय बहुतेक कंपन्यांत नसते, ती आपणच करायची. पगार जमा होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी ठरलेली जादा रक्कम कर्जखात्यात जाईल, अशी स्थायी सूचना बँकेत देऊन ठेव. हप्ता जातो तो वेगळा.

समज, ६ लाखांचं कर्ज आहे, १० टक्के व्याज, १० वर्षं मुदत. हप्ता साधारण ७,९३० रुपये. पहिल्या हप्त्यातले ५,००० नुसते व्याजात जातात, मुद्दल तीन हजारही कमी होत नाही. दरमहा ३,००० जादा भरलेस, तर कर्ज सव्वासहा वर्षांच्या आत फिटतं आणि व्याजाचे जवळजवळ दीड लाख वाचतात. म्हणून सुरुवातीची वर्षं मोलाची. शेवटच्या वर्षी जोर लावून फारसं काही हाती लागत नाही.

आता नीट ऐक, कारण इथेच पुष्कळांचं फसतं. जादा भरलेले पैसे बँक पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ धरू शकते. म्हणून शाखेत लेखी अर्ज दे: जादा रक्कम मुद्दलात वळती करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घे. पुढच्या महिन्यात खातेउतारा काढून मुद्दलाची शिल्लक जादा रकमेइतकी खाली आली का, ते स्वतः बोट ठेवून बघ. दंडाची भीती बाळगू नकोस. व्यक्तीने घेतलेलं बदलत्या दराचं कर्ज लवकर फेडलं म्हणून दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच बँकांना मनाई केली आहे.

पतसंस्थेचं कर्ज काढून बँकेचं फेडायचा सल्ला कुणी दिला, तर आधी दोन्हीकडचा व्याजदर कागदावर मांड. कपात सोपी आहे एवढ्यासाठी महाग पैसा घ्यायचा नाही. तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला पडेपर्यंत जादा रक्कम लहानच ठेव. दिवाळीच्या बोनसचा अर्धा भाग मात्र कर्जात टाक.

करात सूट मिळते म्हणून कर्ज लांबवू नकोस. ही सूट फक्त व्याजावर, तीही ८ वर्षं आणि जुन्या करप्रणालीतच. रुपयाभर व्याज देऊन त्यातले वीस-तीस पैसे वाचवण्यात काय मिळवलं?

तुझ्या धाकट्या भावाचं शिक्षण अजून चालू आहे. त्याच्या कर्जावर आत्ताही सरळव्याज चढतंय आणि हप्ते सुरू होताना ते मुद्दलात मिळवलं जाईल. मग त्या व्याजावरही व्याज. तुझ्या दादाला सांग, द्राक्षबागेचे पैसे आले की निदान तेवढं व्याज भरून टाक. शिकत असताना व्याज भरत गेलं तर काही बँका दरात एक टक्का सवलत देतात, तेही विचारून घे.

कर्ज फिटलं की शाखेतून बेबाकी दाखला घे, तारण ठेवलेली विमा पॉलिसी सोडवून घे, आणि हप्त्याचा आदेश व ती स्थायी सूचना दोन्ही रद्द कर. सहकर्जदार म्हणून दादाचं नाव आहे. दोन महिन्यांनी तुझ्याबरोबर त्याचाही सिबिल अहवाल काढून कर्ज बंद दिसतंय ना, बघ.