हात गुंतलेले, पाय मोकळे : पदचालित नियंत्रणांची ओळख

यंत्रावर काम करणाऱ्या माणसास दोन हात पुरत नाहीत, असे प्रसंग पुष्कळ येतात. खड्डामागावर बसलेल्या विणकराचे हात धोटा आणि फणी यांत गुंतलेले असतात. परंतु त्याच वेळी ताण्याचे धागे आळीपाळीने वर-खाली होणे अवश्य असते. हे तिसरे काम पायांकडे सोपविलेले आहे. खड्ड्यात सोडलेल्या पायांनी विणकर पावड्या दाबतो. त्यांना बांधलेल्या दोऱ्या ओढल्या जाऊन ताण्याचे दोन थर होतात आणि धोट्यास वाट मिळते. हात गुंतलेले असताना मोकळ्या पायांस काम द्यावे, हेच पदचालित नियंत्रणांचे मूळ तत्त्व होय.

पायाचे सामर्थ्य आणि मर्यादा

पायाचे स्नायू हातापेक्षा बळकट असतात आणि दाब देताना शरीराचे वजनही उपयोगी पडते. उलट, बोटांची नाजूक निवड पायास साधत नाही. शिवाय पायाखाली काय आहे, हे काम करणाऱ्यास बहुधा दिसत नाही. त्यास ते स्पर्शाने आणि सवयीनेच ओळखावे लागते. म्हणून जोराची, तालबद्ध अथवा ‘चालू-बंद’ आणि ‘कमी-अधिक’ अशी सरळ कामे पायाकडे, आणि बारकाव्याची कामे हाताकडे, अशी वाटणी केली जाते.

पायाचा जोर वाढविण्यास तरफेचे साहाय्य घेतात. समजा, एका पेडलाच्या टेकूपासून पाऊल ३० सेंटिमीटर अंतरावर आहे आणि ज्या दांड्यास ते ढकलते तो टेकूपासून ६ सेंटिमीटर अंतरावर आहे. पायाने १०० न्यूटन बल लावले, तर घर्षण वगळता दांड्यावर ५०० न्यूटन बल पडेल. अर्थात पाऊल ५ सेंटिमीटर खाली गेले तरी दांडा केवळ १ सेंटिमीटर सरकेल. बलात जे मिळते ते अंतरात द्यावे लागते.

शिलाईयंत्र आणि दंतवैद्याचे यंत्र

पायाने चालणाऱ्या शिलाईयंत्रात पेडलाचे वर-खाली होणे दांड्याच्या योगे खालच्या जड चाकास फिरविते, आणि त्यावरून गेलेली वादी वरचे लहान चाक फिरविते. मोठ्या चाकाचा व्यास लहान चाकाच्या चौपट असेल, तर पेडलाच्या एका पूर्ण हेलकाव्यास सुईचे सुमारे चार टाके पडतील.

यंत्र सुरू करताना शिंपी वरच्या चाकास हाताने हिसका का देतो, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. पेडल आपल्या टोकाच्या स्थितीत असले, म्हणजे दांड्याचा रेटा चाकाच्या आसाच्या रेषेतून जातो आणि चाक फिरत नाही. हाताचा हिसका त्यास या स्थितीतून बाहेर काढतो आणि फिरण्याची दिशाही ठरवितो. पुढे जड चाकाची गती त्यास प्रत्येक फेऱ्यात त्या अडचणीच्या जागेपलीकडे नेते.

हीच युक्ती अमेरिकेतील दंतवैद्य जेम्स मॉरिसन यांनी दात कोरण्याच्या यंत्रास लावली आणि १८७१ मध्ये तिचे एकस्व घेतले. पायाने चाक फिरविल्यामुळे वैद्याचे हात कोरणी आणि आरसा धरण्यास मोकळे राहिले. आज कोरणी विजेने अथवा दाबलेल्या हवेने फिरते. तरीही ती चालू-बंद करण्याचे काम बहुधा पायाकडेच असते.

शक्ती नव्हे, सूचना

या ठिकाणी एक महत्त्वाचा भेद लक्षात घ्यावा. जुन्या यंत्रात पाय स्वतः शक्ती पुरवीत असे. विजेच्या यंत्रात तो केवळ सूचना देतो. विजेच्या शिलाईयंत्राचे पेडल जितके अधिक दाबावे, तितकी मोटार अधिक वेगाने फिरते. परंतु शक्ती विजेची असते. श्रम कमी झाले, पण जबाबदारी वाढली. कारण पायाच्या हलक्या दाबाने आता फार मोठी शक्ती मोकळी होते.

म्हणूनच पाऊल उचलताच क्रिया थांबावी, असा नियम अनेक उपकरणांत पाळला जातो. क्ष-किरणांच्या साहाय्याने शरीराच्या आतील हालचाल पाहताना डॉक्टर पायाचा खटका दाबतात. पाऊल उचलले की किरण बंद होतात, आणि रोग्यास व डॉक्टरास अनावश्यक किरण लागत नाहीत. विजेच्या साहाय्याने करावयाच्या शस्त्रक्रियेत दोन पेडले असतात : पिवळे ऊती कापण्यासाठी आणि निळे रक्तस्राव थांबविण्यासाठी. दाबयंत्राच्या पेडलावर झाकण असते, ते अशासाठी की, एखादी वस्तू पडून यंत्र अवचित चालू होऊ नये.

मांडणीतील एकवाक्यता

१९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ मोटारीस तीन पेडले होती. पण मधले पेडल गाडी मागे नेण्याचे आणि उजवे ब्रेकचे होते. वेग वाढविण्याची तरफ हाताजवळ असे. आजचा चालक तीत बसला, तर वेग वाढविण्याच्या सवयीने उजवे पेडल दाबील आणि गाडी थांबेल! आजच्या मोटारींत वेगवर्धक उजवीकडे व ब्रेक त्याच्या डावीकडे, असा क्रम रूढ आहे. आणि दोन्हींसाठी उजवाच पाय वापरावा असे शिकवितात. यामुळे ब्रेक दाबण्यापूर्वी वेगवर्धकावरील पाऊल आपोआप निघते. तरीही घाईत एका पेडलाऐवजी दुसरे दाबले जाऊन अपघात होतात. न दिसणाऱ्या नियंत्रणांची जागा ठरलेली असणे किती आवश्यक आहे, हे यावरून कळून येईल.

२०२० मधील साथीच्या काळात पायाने दाबून हातावर जंतुनाशक घेण्याच्या घोड्या देशात जागोजागी दिसू लागल्या. तेथे हात गुंतलेले नव्हते. ते दूषित होऊ नयेत, एवढाच हेतू होता. विद्यार्थ्यांनी आपल्या परिसरातील अशी साधने पाहावीत आणि प्रत्येकाविषयी तीन प्रश्न विचारावेत : पाय येथे शक्ती देतो की सूचना? पाऊल उचलल्यावर काय होते? आणि चुकून पाऊल पडले, तर काय होईल?