कोंड्याच्या खाद्यात एन्झाइम घालावं का?

प्रश्न : भिवंडी तालुक्यात माझी ब्रॉयलरची शेड आहे. मका महागला की खाद्यात तांदळाचा कोंडा वाढवतो. एन्झाइमने फरक पडेल का?
– एक वाचक, पडघा

उत्तर : पडेल, पण आधी फायटेज घ्या. कोंड्यातला बराचसा फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो आणि तो सोडवण्याइतकं फायटेज कोंबडीकडे नसतं. खाद्यात किलोमागे 500 युनिट पडलं की डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) कमी करता येतं. ते कमी केलंच नाही, तर एन्झाइमचा खर्च अंगावर! चुनखडी जास्त झाली तरी फायटेजचं काम मंदावतं. झायलनेज हे दुसरं एन्झाइम गहू-कोंड्याला उपयोगी. निव्वळ मका-सोयाबीनवर फायदा कमी. पावडर थेट मिक्सरमध्ये ओतू नका, आधी किलोभर मक्याच्या भरड्यात कालवा. आणि लिटर ओलं राहत असेल, तर एन्झाइमआधी पाण्याच्या निपलची गळती तपासा.