गोल काउंटर: पैसे कुठे जातात?

आदिलाबादेत दुकानाला अर्धगोल काउंटर करायचा ठरला, की पहिला प्रश्न असतो, ‘फ्लेक्सी प्लाय काय फूट?’ पण पैसे भावापेक्षा नासाडीत आणि मजुरीत जास्त जातात.

त्रिज्या २ फूट आणि उंची साडेतीन फूट धरू. दर्शनी गोलाई ६.२८ फूट भरते, म्हणजे २२ चौरस फूट. ८ मिमीचा एकच थर लवलवतो, म्हणून दोन लावायचे: ४४ फूट. शीट मात्र ८ बाय ४ची. म्हणजे दोन शीट, पैसे ६४ फुटांचे. भाव समजा ९० रुपये असेल, तर ५,७६० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ६,८००च्या आसपास. सांगाडा, सनमायका, फेव्हिकॉल, मजुरी निराळी.

शीट लांबीत वाकते की रुंदीत, हे आगाऊ पैसे देण्याआधीच विचारा. आपल्याला ८ फुटांच्या बाजूने वाकणारी हवी. दुसरी आली तर ऐन दर्शनी भागात जोड येतो आणि सनमायक्याखालूनही तो कळतो. वरचा थर खालच्यापेक्षा इंचभर लांब कापायला सांगा. बाहेरून गुंडाळताना तेवढा लागतोच.

गावात माल नसेल तर नागपूर दोनशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. फ्लेक्सीची गुंडाळी करून बांधता येते, त्यामुळे दोन शीटसाठी अख्खी गाडी करू नका. परराज्यातून आणला तरी जीएसटी तेवढाच. पक्कं बिल घ्या.

‘साध्या प्लायला मागून खाचा मारून वाकवतो,’ असं काही मिस्त्री सुचवतात. माल स्वस्त पडतो, खरं. पण गोलाई गुळगुळीत हवी तर दर इंचाला खाच हवी: पाऊणशे खाचा, त्याही सारख्या खोलीच्या. एखादी खोल गेली की प्लाय तिथेच मोडतो. विरळ मारल्या तर गोलाईला पैलू पडतात. रोजंदारीवर हे काम देऊ नका, उक्तंच ठरवा.

डिसेंबर-जानेवारीत इथल्या थंडीत फेव्हिकॉल सावकाश धरतो. शिकंजे घाईने काढले तर वाकवलेला प्लाय पुन्हा उघडतो. रात्रभर तसेच राहू द्या.

काउंटर दर्शनी असेल तर फ्लेक्सीच घ्या. आणि कोटेशनमध्ये शीटची संख्या, थर आणि नासाडी कोणाच्या माथी, हे लिहून घ्या.