बजेटातली जुनी गाडी : आधी हिशोब, मग कागद, मग इंजिन

सुट्टीत गावी गेलं की इंजिनिअरिंगच्या पोराला एक काम हमखास येतं : "तू शिकतोस ना, मग गाडी तूच बघ!" औंढा नागनाथ तालुक्यातल्या जवळा बाजारसारख्या गावात सोयाबीन-हळदीचे पैसे हाती आले की जुन्या चारचाकीचा विषय निघतो. वर्षभराच्या कष्टाचा पैसा एका व्यवहारात जाणार असतो. तेव्हा या तीन पायऱ्या चुकवू नका.

१) हिशोब : बजेट म्हणजे गाडीची किंमत नव्हे. गाडी नावावर होऊन बिनघोर चालेपर्यंतचा सगळा खर्च म्हणजे बजेट. समजा, घरात २ लाख आहेत. टायर-बॅटरीला १८ हजार, पहिल्या सर्व्हिसिंगला १० हजार, विम्याला ७ हजार आणि नावावर करायला ५ हजार धरा. झाले ४० हजार! म्हणजे शोध १ लाख ६० हजारांच्या गाडीचाच. आकडे गाडीप्रमाणे बदलतील, रीत हीच.

२) कागद : हिंगोलीचं पासिंग एमएच-३८, परभणीचं २२, नांदेडचं २६. तेलंगणातली गाडी स्वस्त दिसते. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स धरला की स्वस्ताई बऱ्याचदा संपते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेच्या सहीच्या फॉर्म ३५ शिवाय पुढे जाऊ नका. थकलेले चलान तपासा. इंजिन आणि चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण आणि पर्यावरण कर येतो. म्हणून १४ वर्षांची गाडी घेताना तोही खर्च हिशोबात धरा.

फॉर्म २९ आणि ३० वर नुसत्या सह्या घेऊन गाडी वापरत राहायची, ही पद्धत दोघांनाही धोक्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं की, गाडी कितीही हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्या मालकाचीच. हे विकणाऱ्याला सांगा, तोच नावावर करायची घाई करील! विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. नो क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाचाच राहतो.

३) इंजिन : गाडी सकाळी, इंजिन थंड असतानाच सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली गाडी दोष लपवते. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन जास्त जातंय. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ चालते. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत शिरत असावं. ऑइलच्या झाकणाखाली मलईसारखा थर दिसला तरी तीच शंका घ्या. टायरवरचे चार आकडे वाचा : २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मीटर ४० हजार किलोमीटर दाखवतो आणि ब्रेक पेडलचं रबर पार गुळगुळीत झालंय? मग पेडलवर विश्वास ठेवा!

शेवटी भरवशाच्या मिस्त्रीला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" असं कुणी म्हणालं तर खुशाल म्हणा, "द्या त्याला." जुन्या गाड्या बाजारात पुन्हा येतात, हळदीचे पैसे वर्षातून एकदाच येतात.