सीताफळाच्या फुलातील सॅप बीटल

अतिपक्व फळ झाडाखाली फुटून पडले की त्याच्या आंबूस वासावर काही मिलिमीटर लांबीचे तपकिरी-काळे भुंगेरे जमा होतात. हे नायटिड्युलिडी कुळातील सॅप बीटल होत. आखूड पंखावरणांबाहेर राहिलेले पोटाचे टोक आणि गदेसारख्या टोकाच्या शृंगिका ही त्यांतील कार्पोफिलस वंशाची खूण. अळ्या कुजत्या फळात वाढतात व जमिनीत कोषावस्थेत जातात. पक्व फळाला इजा झाली असल्यास भुंगेरे तेथून आत शिरतात आणि अंगावरून यीस्ट व बुरशी नेऊन कूज पसरवितात. खजूर, मनुका अशा साठवणीतील सुक्या फळांतही ते आढळतात. त्यामुळे किडींच्या यादीत त्यांचे नाव येते, ते अकारण नव्हे.

सीताफळाच्या बागेत मात्र चित्र निराळे आहे. या फुलात स्त्रीकेसर आधी ग्रहणक्षम होतात व परागकोश नंतर फुटतात, म्हणून त्याच फुलात स्वपरागण सहसा साधत नाही. मधमाश्या या फुलांकडे फारशा फिरकत नाहीत. स्त्री-अवस्थेत जाड, मांसल पाकळ्या किंचितच उघडतात. फुलाच्या वासाने आलेले भुंगेरे त्या अरुंद फटीतून आत शिरून मुक्काम करतात. पुढे पराग मोकळे झाले की ते अंगावर घेऊन बाहेर पडतात आणि नव्याने उमललेल्या फुलात जातात. सीताफळ हे अनेक अंडपांचे मिळून बनलेले फळ आहे. जेवढी अंडपे फलित होत नाहीत, तेवढी फळाची बाजू खुरटते. बाजारात वेडेवाकडे म्हणून बाजूला काढलेल्या फळाचे मूळ पुष्कळदा या अपुऱ्या परागणात असते.

बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘अर्का सहन’ या संकरित वाणाला चांगल्या फळधारणेसाठी स्थानिक सीताफळाचे पराग कुंचल्याने हाताने लावावे लागतात. मजुरीचा हा खर्च पाहिला म्हणजे भुंगेऱ्यांच्या फुकट सेवेचे मोल कळते. इस्रायल व फ्लोरिडा येथील अभ्यासांतही अ‍ॅनोना वर्गातील फळझाडांच्या परागणात या कुळाचा वाटा दिसून आला आहे.

तेव्हा बहर ऐन भरात असताना व्यापक प्रभावाच्या कीटकनाशकाची फवारणी टाळावी. पिठ्या ढेकणासाठी ती अटळ असल्यास फक्त प्रादुर्भावग्रस्त फांद्यांपुरती करावी. काही ठिकाणी भुंगेऱ्यांना आकर्षित करण्यासाठी फुलोऱ्याच्या काळात बागेत कुजकी फळे ठेवतात. परंतु फळमाशीचा उपद्रव असलेल्या बागेत हा उपाय अंगलट येण्याची शक्यता अधिक. फळे पिकू लागल्यावर तर पडलेले प्रत्येक फळ वेचून खोल गाडणेच योग्य. फुलातील भुंगेरे कोणत्या जातीचे आहेत हे केवळ डोळ्यांनी ठरत नाही. त्यासाठी नमुने अल्कोहोलमध्ये जतन करून कीटक-वर्गीकरण तज्ज्ञांकडे पाठवावेत.